रक्तातले घटक प्रकाशाने मोजणाऱ्या नॅनो-सेन्सरचं पेटंट: परीक्षणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, ऐरोली, वाशी, खारघर या पट्ट्यातल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा आणि वागळे इस्टेट, रबाळे, महापे इथल्या छोट्या कंपन्यांना हे प्रश्न नेहमी पडतात. सोन्या-चांदीचे नॅनोकण, नॅनोरॉड (कांडीच्या आकाराचे कण), कार्बन डॉट (चमकणारे कार्बनचे सूक्ष्म कण) किंवा नॅनोझाइम (एन्झाइमसारखं काम करणारे कण) वापरून रक्तातला एखादा घटक रंग, शोषण, फ्लोरेसन्स (प्रकाश पडल्यावर येणारी चमक) किंवा रामन सिग्नलने (विखुरलेल्या प्रकाशातल्या बदलाने) मोजायचा, असा शोध डोळ्यापुढे ठेवून उत्तरं लिहिली आहेत. मुदती आणि फी १५ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या सुधारित नियमांप्रमाणे आहेत.

आमचा अर्ज कोणत्या कार्यालयात जातो? तिथे जावं लागतं का?

महाराष्ट्रातल्या अर्जदारासाठी मुंबईचं पेटंट कार्यालय, म्हणजे अँटॉप हिलचं बौद्धिक संपदा भवन. अर्ज ऑनलाइन भरता येतो. कागदावर दिला तर फी १० टक्के जास्त पडते. सुनावणीही आता व्हिडिओवर होते, त्यामुळे जाण्याची वेळ क्वचितच येते. तरी जायचंच झालं, तर हार्बर मार्गावर गुरू तेग बहादूर नगर किंवा वडाळा रोडला उतरावं. वाशी-पनवेलकडून थेट गाडी आहे, ठाण्याहून कुर्ल्याला गाडी बदलावी लागते. परीक्षक, म्हणजे अर्ज तपासणारा अधिकारी, मात्र देशातल्या कोणत्याही शाखेतला असू शकतो.

अर्ज मराठीत करता येतो का?

नाही. फक्त हिंदी किंवा इंग्रजीत.

आधी पेपर छापावा की आधी अर्ज करावा?

आधी अर्ज. यात तडजोड नाही. शोधनिबंध, परिषदेतलं पोस्टर, 'आविष्कार'सारख्या स्पर्धेतलं सादरीकरण, शोधगंगेवर चढवलेला प्रबंध, लिंक्डइनवर टाकलेला आलेखाचा फोटो, यातलं काहीही अर्जाच्या तारखेआधी लोकांपुढे आलं की ते तुमच्याच विरुद्ध प्रायर आर्ट (आधीपासून ज्ञात असलेली माहिती) म्हणून उभं राहतं.

पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये बारा महिन्यांची सवलत आहे आणि तिच्यासाठी आता फॉर्म ३१ ही आहे. पण ती अरुंद आहे. सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन, किंवा विद्वत्सभेपुढे वाचलेला किंवा तिच्या कार्यवृत्तात छापलेला निबंध, एवढ्यापुरतीच ती आहे. नेहमीच्या जर्नलमधला पेपर तिच्यात बसेल असं धरून चालू नका. मुलांची तोंडी परीक्षा जवळ आली असेल तर प्रोव्हिजनल (तात्पुरता पहिला) अर्ज आधी टाका आणि प्रबंध जमा करताना ग्रंथालयाला तो काही काळ खुला न करण्याची लेखी विनंती करा.

प्रोव्हिजनल दोन पानांचा असला तर चालतो ना?

नोंदला जातो, उपयोगी पडत नाही. प्रोव्हिजनलनंतर पूर्ण तपशील, म्हणजे क्लेमसह शोधाचं सविस्तर वर्णन (तपशीलपत्र), बारा महिन्यांत द्यावा लागतो, आणि एखाद्या क्लेमला (ज्यावर हक्क मागता त्या दाव्याला) आधीची तारीख मिळते ती फक्त त्यातली गोष्ट प्रोव्हिजनलमध्ये खरोखर लिहिलेली असली तरच. 'नॅनोकण वापरून रक्तातलं ग्लुकोज मोजणं' एवढंच लिहिलं असेल, तर पुढे भरलेले ३० नॅनोमीटर व्यास, लिगँडची (कणावर बांधलेल्या रेणूची) लांबी, पीएच ७.४ हे सगळे तपशील दुसऱ्या तारखेचे ठरतात. मधल्या वर्षभरात कुणी तेच छापलं तर तुमच्या हातात काही उरत नाही. प्रोव्हिजनलला क्लेम लागत नाहीत, पण कण तयार करण्याची कृती, मोजमापाची तरंगलांबी, आकारांच्या पट्ट्या आणि हाती असलेला सगळा डेटा त्यात घाला.

परीक्षण आपोआप सुरू होतं का? खर्च किती?

होत नाही. फॉर्म १८ भरून मागणी करावी लागते. १५ मार्च २०२४ नंतरच्या अर्जांसाठी तिची मुदत अग्रक्रमाच्या (सर्वांत आधीच्या अर्जाच्या) तारखेपासून ३१ महिने आहे. जुन्या अर्जांना ४८ महिने मिळत, आणि अजूनही काही जण तोच आकडा धरून बसतात. मुदत चुकली की अर्ज मागे घेतल्यासारखा धरला जातो.

व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्था यांना ऑनलाइन अर्जाला १,६०० रुपये, परीक्षणाच्या मागणीला ४,००० रुपये लागतात. मोठ्या कंपनीला हेच ८,००० आणि २०,००० पडतात. क्लेम दहाच्या वर गेले तर प्रत्येकी ३२० रुपये, पानं तिसाच्या वर गेली तर प्रत्येकी १६० रुपये. सवलतीसाठी फॉर्म २८ लागतो. लघुउद्योगाला त्याबरोबर उद्यम नोंदणी, स्टार्टअपला केंद्राच्या उद्योग विभागाची (डीपीआयआयटी) मान्यता जोडावी लागते.

घाई असेल तर फॉर्म १८ए. त्याची सवलतीतली फी ८,००० रुपये, सोबत लवकर प्रकाशनाचा फॉर्म ९ हवा, तो २,५०० रुपयांचा. स्टार्टअप, लघुउद्योग, सरकारी संस्था आणि जिथे अर्जदार व्यक्ती असून त्यांत किमान एक महिला आहे अशांना हा मार्ग खुला आहे. खासगी महाविद्यालयाला केवळ शैक्षणिक संस्था म्हणून तो मिळत नाही. आमचा सल्ला: रक्तावरचा डेटा पूर्ण झालेला नसेल तर जलद परीक्षण मागू नका. लवकर आलेल्या आक्षेपांना उत्तर द्यायला आकडेच नसतील तर तो वेग तुमच्यावरच उलटतो.

एफईआर, म्हणजे पहिला परीक्षण अहवाल, आल्यावर आधी काय पाहायचं?

आधी तारीख. उत्तराला अहवालाच्या तारखेपासून सहा महिने मिळतात. फॉर्म ४ ने तीन महिने वाढवून घेता येतात, पण तो फॉर्म सहा महिने संपण्याआधीच टाकावा. उत्तर गेलंच नाही तर कलम २१ खाली अर्ज सोडून दिला असं मानलं जातं.

मग परीक्षकाने प्रायर आर्ट म्हणून डी१, डी२, डी३ अशा नावांनी दिलेले दस्तऐवज उतरवून मुळातून वाचा, परीक्षकाच्या सारांशावर थांबू नका. या विषयात परीक्षक बहुधा जी०१एन २१ (प्रकाशाने परीक्षण), जी०१एन ३३/४९ (रक्त), जी०१एन ३३/५४३ (पृष्ठभागावर बांधलेलं इम्युनोअॅसे, म्हणजे प्रतिपिंडाने मोजणं) आणि बी८२वाय (नॅनोतंत्रज्ञान) या वर्गांत शोध घेतो. मनगटावरच्या उपकरणासाठी ए६१बी ५/१४५५ पाहिला जातो. हेच वर्ग अर्ज करण्याआधी तुम्हीही पालथे घाला. पेटंट कार्यालयाचं इनपास, एस्पेसनेट आणि गूगल पेटंट्स, ही तिन्ही शोधसाधनं फुकट आहेत.

कलम ३(आय) चा आक्षेप जवळजवळ सगळ्यांना येतो. तो नेमका काय आहे?

पेटंट कायदा १९७० मधलं कलम ३(आय) माणसांवरच्या औषधी, शस्त्रक्रियेच्या, प्रतिबंधक, निदानाच्या किंवा उपचाराच्या प्रक्रियांना पेटंट नाकारतं. हे प्रक्रियांना लागू आहे. उपकरण, सेन्सर, चिप, किट, अभिकर्मक यांना नाही.

'रक्त तर शरीराबाहेर काढलंय, मग निदान कसलं?' हा युक्तिवाद पुरेसा नाही. चायनीज युनिव्हर्सिटी ऑफ हाँगकाँग आणि सीक्वेनॉम यांच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये या कलमाचा सविस्तर अर्थ लावला. शरीराच्या आत की बाहेर ही रेषा कायद्यात नाही, प्रक्रिया स्वतः आजार उघड करते का हे तपशीलपत्रासह क्लेम वाचून ठरवायचं, असा त्याचा रोख आहे. पुढे आणखी खात्रीची चाचणी लागते एवढ्याने प्रक्रिया सुटत नाही. त्याच वेळी रक्तावरचं प्रत्येक मोजमाप म्हणजे निदान असंही न्यायालयाने धरलं नाही आणि त्या अर्जदारांचं अपील मंजूर केलं. परीक्षकापुढे हा निकाल मांडता येतो, मात्र दोन्ही बाजूंनी वाचून मांडा.

व्यवहारात क्लेमची भाषा फार फरक करते. 'रुग्णाच्या रक्तातलं सीआरपी (दाह झाला की वाढणारं प्रथिन) मोजून जंतुसंसर्गाचं निदान करण्याची पद्धत' हा क्लेम टिकत नाही. 'द्रव नमुन्यातल्या सीआरपीचं प्रमाण ठरवण्याची पद्धत' यालाही आक्षेप येऊ शकतो, कारण वर्णनात पान दोनवर 'यामुळे डॉक्टरांना संसर्ग ओळखता येतो' असं तुम्हीच लिहून ठेवलेलं असतं. 'सोन्याचे नॅनोरॉड, त्यांवर बांधलेलं अँटी-सीआरपी प्रतिपिंड, ७८० ते ८२० नॅनोमीटरचा प्रकाशस्रोत आणि शोधक असलेलं सेन्सर-उपकरण' या क्लेमवर ३(आय) लावायला जागाच नाही. सेन्सर तयार करण्याची कृती हीसुद्धा निदानाची प्रक्रिया नव्हे, तिचा वेगळा क्लेम ठेवा.

मग आता पद्धतीचे क्लेम उपकरणाच्या क्लेममध्ये बदलून टाकू?

इथेच बहुतेक अर्ज अडकतात. कलम ५९ नुसार क्लेममधला बदल फक्त अधिकारत्याग (दाव्याचा काही भाग सोडणं), चूकदुरुस्ती किंवा स्पष्टीकरण या रूपात होतो, आणि नवा क्लेम पूर्णपणे आधीच्या क्लेमच्या व्याप्तीत बसावा लागतो. पद्धतीचा क्लेम उपकरणाचा केला की व्याप्ती बदलली असा आक्षेप येतो. वर्णनात उपकरणाची आकृती असली तरीही येतो, कारण तुलना क्लेमशी होते.

म्हणून पूर्ण तपशील भरतानाच चार प्रकारचे क्लेम ठेवा: सेन्सर, तो तयार करण्याची प्रक्रिया, सेन्सर असलेलं उपकरण किंवा किट, आणि हवी असेल तर मोजमापाची पद्धत. भारताबरोबर बाहेरही जायचं असेल तर पद्धतीचा क्लेम ठेवण्यात अर्थ आहे. इथे आक्षेप आला तर तो वगळता येतो, तेवढ्याने बाकीचे क्लेम पडत नाहीत.

कण फक्त लहान केलेत, म्हणून कलम ३(डी) लागतं का?

लागू शकतं. ३(डी) च्या स्पष्टीकरणात ज्ञात पदार्थाच्या रूपांची यादी आहे आणि तिच्यात कणांचा आकार नावानिशी आहे. गुणधर्मांत परिणामकारकतेच्या दृष्टीने लक्षणीय फरक दाखवला नाही, तर नवा आकार म्हणजे तोच पदार्थ. नोव्हार्टिसच्या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने औषधांसाठी परिणामकारकता म्हणजे उपचारातली परिणामकारकता असं म्हटलं. सेन्सर औषध नाही, तेव्हा तुमची परिणामकारकता सेन्सरच्या कामात दाखवा: शोधमर्यादा, निवडकता, रक्तद्रवातलं स्थैर्य. 'पृष्ठभागाचं क्षेत्रफळ जास्त' हे वाक्य पुस्तकातलं आहे, त्याने आक्षेप हटत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे केवळ पदार्थावर क्लेम न करणं. कण, त्यावरचा थर, पृष्ठभाग आणि प्रकाशमार्ग यांची मिळून रचना सांगितली की तो 'ज्ञात पदार्थाचं नवं रूप' राहत नाही.

कलम ३(ई), ३(एफ), ३(के) कधी लागतात?

३(ई) घटकांच्या गुणांची नुसती बेरीज असलेल्या मिश्रणांसाठी: ग्राफीन ऑक्साइड आणि चांदीचे कण एकत्र केले तर एकेकट्याचा सिग्नल, दोघांची बेरीज आणि मिश्रणाचा सिग्नल असे तीन आकडे शेजारी द्या. ३(एफ) स्वतंत्रपणे चालणाऱ्या ज्ञात उपकरणांच्या मांडणीसाठी: बाजारातला एलईडी, बाजारातला स्पेक्ट्रोमीटर आणि मोबाइल जोडून ठेवले तर तो येतो. ३(के) गणनेसाठी: वर्णपटावरून मशीन लर्निंगने प्रमाण काढणारा प्रोग्राम एकटा चालत नाही, सेन्सरच्या भौतिक भागांशी बांधलेला असला तर बोलता येतं.

'कुशल व्यक्तीला हे सहज सुचलं असतं' या आक्षेपाला काय उत्तर द्यायचं?

परीक्षकाची मांडणी ठरलेली असते. डी१ मध्ये तुमचाच घटक दुसऱ्या नॅनोपदार्थाने मोजलेला, डी२ मध्ये तुमचाच नॅनोपदार्थ दुसऱ्या घटकासाठी वापरलेला, दोन्ही जोडले की तुमचा शोध. सायट्रेटने सोन्याचे कण बनवायची टर्केविच पद्धत १९५१ ची, पृष्ठभाग-प्लाझ्मॉनवर (धातूच्या पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनांच्या लाटेवर) जैवसंवेदन १९८३ पासून, डीएनएमुळे सोन्याचे कण गोळा होऊन रंग बदलतो हे १९९६ पासून माहीत. 'आम्ही सोन्याचे कण वापरले' यात नवं काही उरलेलं नाही.

उत्तराची जागा रक्तात आहे. बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या साध्या द्रावणात) चालणारी बहुतेक सेन्सर रक्तात बिघडतात, आणि ती का बिघडतात हे तुम्ही ओळखून सोडवलं असेल तर तिथे तांत्रिक प्रगती आहे. उदाहरणार्थ, १५-२० नॅनोमीटरच्या सोन्याच्या गोल कणांच्या प्रकाशशोषणाचं शिखर ५२० नॅनोमीटरजवळ येतं. ऑक्सिहिमोग्लोबिनची शिखरं ४१५, ५४१ आणि ५७७ वर. तांबड्या पेशी थोड्याशा जरी फुटल्या तरी सिग्नल त्याखाली दबतो. लांबी-रुंदीचं गुणोत्तर चारच्या आसपास असलेल्या नॅनोरॉडचं शिखर ८०० नॅनोमीटरजवळ जातं. तिथे हिमोग्लोबिनचं शोषण कमी असतं, आणि ऑक्सिजन असलेल्या-नसलेल्या हिमोग्लोबिनचं शोषण सुमारे ८०५ वर सारखं होतं.

पण एवढ्यावर थांबलात तर परीक्षक म्हणेल की जवळच्या अवरक्त प्रकाशाचा हा फायदा सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ते बरोबर आहे. नॅनोरॉड सीटॅब या साबणासारख्या रसायनात वाढवतात आणि उरलेलं सीटॅब तांबड्या पेशी फोडतं. म्हणजे ज्या अडचणीतून सुटायला नॅनोरॉड घेतले तीच अडचण ते घेऊन येतात. सीटॅब काढून टाकताना रॉड एकमेकांना चिकटणार नाहीत असा विशिष्ट थर, विशिष्ट क्रम, विशिष्ट प्रमाण तुम्ही शोधलं असेल तर तो क्लेमचा गाभा आहे. तो मुख्य क्लेममध्येच आणा.

आणि तुलना द्या. डी१ मधला कण त्यांच्याच कृतीने तयार करा, त्याच दिवशी, त्याच रक्तात, तुमच्या कणाशेजारी मोजा. दुसऱ्याच्या पेपरमधला आकडा आणि तुमचा आकडा यांची तुलना परीक्षक सहसा मानत नाही, कारण नमुना आणि उपकरण वेगळं असतं.

तपशीलपत्रात रक्ताबद्दल किती लिहायचं?

जितकं प्रयोगवहीत आहे तितकं. कलम १०(४) शोध आणि तो करण्याची तुम्हाला ठाऊक असलेली सर्वोत्तम पद्धत पूर्ण सांगायला लावतं. 'रक्ताचा नमुना घेतला' या वाक्यातून काहीच कळत नाही.

नळी कोणती ते लिहा. जांभळ्या झाकणाच्या नळीत धातू पकडून ठेवणारं, रक्त गोठू न देणारं ईडीटीए दर मिलिलिटर रक्ताला सुमारे १.८ मिलिग्रॅम, म्हणजे ४.५ मिलिमोलर असतं. रक्तद्रवातलं लोह १०-३० मायक्रोमोलर. लोहाने कार्बन डॉटची चमक विझते या तत्त्वावरची सेन्सर ईडीटीएच्या नळीत शंभरपटीहून जास्त ईडीटीएशी झगडत असते आणि निकाल खोटा येतो. हिरव्या झाकणाच्या नळीतलं हेपॅरिन ऋणभारित असतं, धनभारित कणांवर जाऊन बसतं. निळ्या झाकणाची सायट्रेट नळी नऊ भाग रक्ताला एक भाग द्रव घालते, तेवढं पातळ होणं हिशेबात धरावं लागतं.

मग पूर्ण रक्त, रक्तद्रव की सीरम, सेंट्रिफ्यूजमध्ये किती जी वर किती मिनिटं फिरवलं, किती पट पातळ केलं, किती तासांत मोजलं. शंभर पट पातळ करून मोजलं असेल तर तसं स्पष्ट लिहा. 'पूर्ण रक्तात थेट मोजमाप' असा क्लेम करून उदाहरणात पातळ केलेलं रक्तद्रव असेल, तर क्लेम वर्णनावर आधारलेला नाही म्हणून कलम १०(५) चा आक्षेप येतो आणि तो रास्त असतो.

अडथळ्यांची यादी आकड्यांसह द्या: पेशी फुटल्याने आलेलं हिमोग्लोबिन, ४५० नॅनोमीटरच्या आसपास शोषणारं बिलिरुबिन, चरबीमुळे येणारा गढूळपणा, अल्ब्युमिन (दर लिटरला ३५-५० ग्रॅम), ग्लुटाथायोनसारखे थायोल (गंधकयुक्त रेणू) जे सोन्यावरचं लिगँड हुसकावून लावतात, आणि एस्कॉर्बिक आम्ल. शोधमर्यादा कशी काढली तेही लिहा, म्हणजे कोऱ्या नमुन्याच्या प्रमाण विचलनाची तिप्पट भागिले उतार, आणि कोरा नमुना बफर होता की रक्तद्रव. हा शेवटचा तपशील लोक हमखास विसरतात आणि सगळा दावा तिथेच कोलमडतो.

कोणत्या नियंत्रण-चाचण्या नसल्या की परीक्षक किंवा विरोधक पकडतात?

तीन तर नक्की.

नॅनोझाइम: लोहऑक्साइडचे कण हायड्रोजन पेरॉक्साइडच्या सोबतीने टीएमबी या रंगहीन रसायनाला निळं करतात, ६५२ नॅनोमीटरवर मोजतात. पण हिमोग्लोबिन स्वतःच हे काम करतं. पेशी फुटलेल्या नमुन्यात कण न घालताही निळा रंग येतो. उलट एस्कॉर्बिक आम्ल निळा रंग परत घालवतं. कण नसलेला नमुना आणि पेरॉक्साइड नसलेला नमुना, दोन्ही आलेख हवेतच.

कार्बन डॉट: उत्तेजन ३६० आणि उत्सर्जन ४५० नॅनोमीटरच्या आसपास असेल तर दोन्ही तरंगलांबींवर रक्तातले घटक प्रकाश खातात. चमक कमी दिसते ती घटकाने विझवल्यामुळे नाही, प्रकाश पोचतच नाही म्हणून. दोन्ही तरंगलांबींवरच्या शोषणांची बेरीज करून निम्मी करा, दहाचा तेवढा घात घेऊन मोजलेल्या तीव्रतेला गुणा, मग पाहा किती परिणाम उरतो. शक्य असेल तर फ्लोरेसन्सचा आयुष्यकाळही मोजा. टक्करीमुळे चमक विझत असेल तर तो घटतो, केवळ प्रकाश शोषला गेल्याने घटत नाही.

प्लाझ्मॉन-सरक (शोषणाचं शिखर किती सरकलं त्यावरून मोजणं): रक्तद्रवाचा अपवर्तनांक बफरपेक्षा सुमारे ०.०१५ ने जास्त असतो. सेन्सरची संवेदनशीलता एकक अपवर्तनांकाला २०० नॅनोमीटर धरली, तर घटक अजिबात नसतानाही शिखर ३ नॅनोमीटर सरकतं. तुमचा सगळा सिग्नल ४ नॅनोमीटरचा असेल तर प्रतिपिंड नसलेल्या कणांचा आलेख शेजारी नसताना तो कुणाला पटणार नाही.

आकाराचा पट्टा किती रुंद ठेवावा?

उदाहरणं जेवढी पेलतील तेवढा. क्लेममध्ये १० ते १०० नॅनोमीटर आणि उदाहरण फक्त २० चं, हे चालत नाही. टोकांजवळची दोन उदाहरणं तरी द्या. शिवाय पायऱ्या ठेवा: १०-१००, मग १५-६०, मग २०-४०. परीक्षकाने डी१ मधला ६५ नॅनोमीटरचा कण काढला तर मागे सरकायला जागा राहते. वर्णनात न लिहिलेला आतला पट्टा नंतर घालता येत नाही.

आकार कशाने मोजला तेही क्लेममध्ये किंवा व्याख्येत हवं. टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) धातूचा गाभा दिसतो, डीएलएस (विखुरलेल्या प्रकाशावरून आकार काढणारी पद्धत) भोवतीच्या थरांसह मोठा आकडा देतो. नुसतं 'सरासरी आकार ३० नॅनोमीटर' म्हटलं की स्पष्टता नाही असा आक्षेप येतो. कणांच्या प्रमाणाचंही तसंच: 'ओडी १' (ओडी म्हणजे द्रावण किती प्रकाश अडवतं त्याचं माप) बरोबर मोलर प्रमाण द्या. १३ नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणांसाठी ५२० जवळ ओडी १ म्हणजे सुमारे ३.७ नॅनोमोलर.

एफईआर आल्यावर केलेले नवे प्रयोग पाठवता येतात का?

शपथपत्रासह उत्तरात जोडता येतात, तपशीलपत्रात घालता येत नाहीत. जो परिणाम मूळ तपशीलात म्हटलेला आहे त्याला पाठबळ म्हणून ते उपयोगी पडतात. मुळात उल्लेखच नसलेला फायदा नंतर मोजून आणला तर त्याला फारसं वजन मिळत नाही. म्हणून अर्ज करतानाच 'रक्तद्रवात चोवीस तास स्थिर' यासारखा प्रत्येक परिणाम, थोड्या का होईना आकड्यांसह, लिहून ठेवा.

कडुलिंबाच्या किंवा तुळशीच्या पानांच्या अर्काने कण बनवलेत. काही वेगळं करावं लागतं?

हो. भारतातला जैविक स्रोत वापरल्याचं फॉर्म १ मध्ये जाहीर करावं लागतं, आणि स्रोत व भौगोलिक उगम तपशीलपत्रात द्यावा लागतो. जैवविविधता कायद्यातली २०२३ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तिच्यानुसार भारतीय अर्जदाराने पेटंट मिळण्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी करायची, आणि व्यापारी वापराच्या वेळी पूर्वमंजुरी घ्यायची. पानं मंडईतून आणली म्हणून सुटका होते असं धरू नका. आणखी एक: 'हरित पद्धत' हे स्वतः नावीन्य नाही. शेकडो वनस्पतींची अशी कृती छापून झाली आहे.

अॅप्टामर (घटकाला पकडणारा डीएनए किंवा आरएनएचा तुकडा) वापरलंय.

दहा किंवा जास्त न्यूक्लिओटाइडचा क्रम असेल तर एसटी.२६ या आंतरराष्ट्रीय नमुन्यातली क्रमयादी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात द्यावी लागते. क्रम आकृतीत टाकून भागत नाही.

रक्ताचे नमुने देणारे डॉक्टर संशोधक म्हणून नोंदवायचे का? नैतिक समितीची परवानगी जोडायची का?

फक्त नमुने दिले, जागा दिली किंवा विभागप्रमुख आहेत म्हणून कुणी संशोधक ठरत नाही. ज्याने क्लेममधली कल्पना किंवा तिच्यातला ठोस भाग दिला तोच. कोणत्या अडथळ्यामुळे निकाल चुकतो हे डॉक्टरांनी दाखवलं आणि उपायही सुचवला, तर त्यांचं नाव हवंच. एमएस्सी-पीएचडीच्या विद्यार्थ्यांची नावं गाळू नका. संस्था अर्जदार असेल तर प्रत्येकाची सही किंवा हस्तांतरणाचं पत्र, म्हणजे हक्काचा पुरावा, अर्जानंतर सहा महिन्यांत लागतो, आणि मुलं शिकून बाहेर पडली की सह्या गोळा करणं कठीण होतं.

पेटंट कार्यालय नैतिक समितीची परवानगी मागत नाही. तरीही ती नमुने घेण्याआधीच घ्या. माणसाच्या रक्तावरच्या संशोधनाची ती पहिली अट आहे, आणि पुढे वैद्यकीय उपकरण नियम २०१७ खाली परवान्याला जाताना तो डेटा वापरता यायला हवा.

परदेशातही अर्ज करायचा आहे.

भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबा, किंवा फॉर्म २५ वर आधी परवानगी घ्या. ही कलम ३९ ची अट मोडली तर भारतातला अर्जही जातो. पीसीटी (अनेक देशांसाठीचा एकच आंतरराष्ट्रीय अर्ज) किंवा थेट परदेशी अर्जाला पहिल्या तारखेपासून बारा महिने. परदेशी अर्जांची माहिती फॉर्म ३ मध्ये द्यायची, आणि एफईआर आल्यावर तीन महिन्यांत ती अद्ययावत करायची. उत्तराची मुदत सहा महिन्यांची असल्याने ही तीन महिन्यांची तारीख नजरेआड होते. ती वेगळी नोंदवून ठेवा.

कुणी विरोध केला तर?

अर्ज प्रकाशित झाल्यावर, पेटंट मिळण्याआधी, कोणीही कलम २५(१) खाली विरोध करू शकतं. विरोध ग्राह्य आहे असं कंट्रोलरला (निर्णय देणाऱ्या पेटंट अधिकाऱ्याला) वाटलं तर तुम्हाला नोटीस येते आणि दोन महिन्यांत उत्तर द्यावं लागतं. पेटंट मिळाल्याचं प्रकाशित झाल्यापासून एक वर्ष हितसंबंधित व्यक्तीला पुन्हा विरोधाची संधी असते. रक्ततपासणीच्या क्षेत्रात मोठे खेळाडू आहेत, तेव्हा वरच्या नियंत्रण-चाचण्या परीक्षकाइतक्याच त्यांच्यासाठीही आहेत.

सुनावणीत काय होतं?

उत्तराने समाधान झालं नाही तर कंट्रोलर सुनावणी ठेवतो. नोटिशीत उरलेले आक्षेप लिहिलेले असतात, तेवढ्यांवरच तयारी करा. ज्याने प्रयोग केले तो माणूस वकील किंवा एजंटच्या शेजारी बसलेला असावा, कारण 'हा आलेख पूर्ण रक्ताचा आहे का?' या प्रश्नाला त्याक्षणी उत्तर लागतं. माघारीचे क्लेम आधीच लिहून ठेवा: मुख्य, त्याहून अरुंद, सर्वांत अरुंद. लेखी म्हणणं आणि सुधारित क्लेम सुनावणीनंतर पंधरा दिवसांत द्यायचे. तारीख पुढे ढकलता येते, पण जास्तीत जास्त दोनदा.

नकार आला तर?

आदेश वाचून ठरवा. आदेशातच उघड चूक असेल, म्हणजे दाखल केलेले सुधारित क्लेम पाहिलेच नाहीत असं काही, तर महिनाभरात फॉर्म २४ वर पुनर्विलोकन मागता येतं. कायद्याच्या अर्थावर किंवा नावीन्याच्या निष्कर्षावर मतभेद असेल तर कलम ११७ए खाली तीन महिन्यांत उच्च न्यायालयात अपील. बौद्धिक संपदा अपीलीय मंडळ २०२१ मध्ये रद्द झाल्यापासून ही अपिलं उच्च न्यायालयांकडे जातात. मुंबई कार्यालयातल्या अर्जासाठी मुंबई उच्च न्यायालय. आदेशात कारणं दिलेली नसतील तर प्रकरण पुन्हा विचारासाठी परत पाठवलं जाऊ शकतं. अशा वेळी तुमचं लेखी म्हणणं नोंदीवर सविस्तर असलं, तरच अमुक मुद्द्याला उत्तर मिळालं नाही असं न्यायालयाला दाखवता येतं.